उंदराला उमासा येत नाही

त्या मे महिन्यात आमच्या प्रयोगशाळेतली सगळ्यांत मोलाची वस्तू होती कूलरचा पंप. फ्लास्क रात्रभर उकळत ठेवायचा तर वरच्या कंडेन्सरमधून गार पाणी सतत फिरतं ठेवावं लागतं, नाहीतर आतला द्रावक वाफ होऊन उडून जातो आणि सकाळी तळाशी काळपट राळ तेवढी उरते. नागपूरच्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चारला हाताला चटका देतं. त्यानं कोणती वाफ गार होणार? म्हणून आम्ही बादलीत बर्फाची लादी फोडून टाकायचो, घरच्या कूलरमध्ये असतो तोच छोटा पंप त्यात बुडवायचो आणि तेच पाणी गोल गोल फिरवायचो. दर दोन तासांनी कुणीतरी उठून बर्फ टाकायचं. साल २०१२. पारा ४५ च्या आसपास. मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला होते. फ्लास्कमध्ये शिजत असलेला रेणू मेंदूतल्या सेरोटोनिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाच्या एका ठरावीक रिसेप्टरवर जाऊन बसावा, एवढंच माझं त्या वर्षीचं मागणं होतं.

त्याच महिन्यात मोठ्या आईनं गोळ्या बंद केल्या, आणि मला ते महिनाभर कळलं नाही.

मोठी आई म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची बायको. झिंगाबाई टाकळीला राहते. आदल्या दिवाळीनंतर मोठे बाबा गेले, आणि तेव्हापासून ती हळूहळू मिटत गेली. रडायची नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. पहाटे तीन-साडेतीनला जागी व्हायची ती पुन्हा झोपायचीच नाही. गोळाभात तिच्या हातचा. घरातल्या प्रत्येक पाहुण्याला तिनं तो खाऊ घातला, त्यावर कढत तेलाची फोडणी ओतताना तिच्या चेहऱ्यावर एक तेज असायचं. त्या हिवाळ्यात तिनं एकदाही डाळ भिजत घातली नाही. दादा म्हणाला, डॉक्टरला दाखवू. ती म्हणाली, "मी का पागल झाली काय?"

हे वाक्य नागपुरात उगाच येत नाही. टाकळीहून सदरकडे यायचं तर वाटेत प्रादेशिक मनोरुग्णालय लागतं, आणि त्याच्याजवळच्या चौकाला सगळं गाव पागलखाना चौक म्हणतं. ऑटोवाला म्हणतो, बसमधली माणसं म्हणतात, घराचा पत्ता सांगतानाही तोच चौक सांगतात. लहानपणी आम्हा पोरांना त्या शब्दाचं काही वाटायचं नाही. मोठ्या आईला मात्र चाळीस वर्षं त्या चौकातून येता-जाता तो शब्द ऐकावा लागला होता, आणि आता त्यातला पहिला अर्धा भाग आपल्याला चिकटणार अशी तिला भीती होती. शेवटी धंतोलीतल्या एका दवाखान्यात नेलं. पाटीवर नुसतं नाव आणि डिग्री. डॉक्टरांनी एसिटॅलोप्राम ही नैराश्यावरची गोळी लिहिली, १० मिलिग्रॅम, रोज एक. दहा मिनिटांत आम्ही बाहेर आलो. चिठ्ठी मी वाचली. गोळीचा रेणू मला फळ्यावर काढून दाखवता आला असता.

तिनं ती पाच दिवस घेतली.

जूनमध्ये, मृग लागल्यावर, मी तिच्याकडे राहायला गेले तेव्हा गादी उन्हात टाकताना खाली गोळ्यांचा पत्ता सापडला. पाच खड्डे रिकामे, पाच भरलेले. मी नुसती तिच्याकडे पाहत राहिले, तशी ती म्हणाली, "ते गोळी घेतली का पोटात ढवळते वो माय. उमासे येतेत. भाताचा वास बी नको वाटते. आधीच जेवण जात नाही, त्यात हे कोण सोसंल?"

मी तिथेच, उन्हात, गादीवर बसले. कारण हे असं का होतं ते मला रेणूपासून आतड्यापर्यंत पाठ होतं.

सेरोटोनिन हे नाव मेंदूतून आलेलं नाही. इटलीत व्हित्तोरियो एर्स्पामेर यांना १९३० च्या दशकात ते आतड्याच्या अस्तरातल्या पेशींत सापडलं. त्यांनी त्याला एंटेरामिन म्हटलं. अमेरिकेत क्लीव्हलँडला मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि आयर्विन पेज १९४८ मध्ये रक्ताच्या सीरममधला, रक्तवाहिन्या आवळणारा पदार्थ शोधत होते. त्यांना तोच रेणू सापडला आणि सीरमवरून त्याचं सेरोटोनिन झालं. मेंदूत तो आहे हे १९५३ मध्ये बेटी ट्वॅरॉग या तरुण संशोधिकेनं दाखवलं. म्हणजे मेंदूचा क्रमांक तिसरा. आजही शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन पोटात असतं, मेंदूत अगदी थोडं. आतड्यात काही विषारी गेलं की तिथल्या पेशी सेरोटोनिन सोडतात, ते व्हेगस मज्जातंतूच्या टोकांवरच्या रिसेप्टरवर आदळतं, आणि मेंदूला निरोप जातो : बाहेर काढ. एसिटॅलोप्रामसारखी गोळी करते काय, तर सोडलेलं सेरोटोनिन पेशीला परत आत ओढू देत नाही. पण ती मेंदूत आणि पोटात फरक करत नाही. मेंदूत उपयोग दिसायला तीन-चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात; पोटात मळमळ दुसऱ्याच दिवशी. बहुतेकांची ती आठ-पंधरा दिवसांत ओसरते. म्हणजे आधी फक्त त्रास, फायदा काहीच नाही, असा एक पट्टा कितीतरी रुग्णांना पार करावा लागतो. आणि ज्याच्यात आधीच उमेद उरलेली नाही, त्याला आपण हे पार करायला सांगतो.

हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. दवाखान्यात सांगितलं गेलं नाही. माझी तर तिच्याशी रोज फोनवर गाठ होती.

रिसेप्टर हा शब्द मी इतका वापरते की त्याचं चित्र सांगायचं राहून जातं. पेशीच्या पातळ कवचाला सात वेळा आरपार टाके घातलेला प्रथिनांचा धागा, आणि त्या सात टाक्यांच्या मधोमध एक खळगा. सेरोटोनिन त्या खळग्यात उतरतं. त्याच्या एका टोकाला नायट्रोजन असतो, धन भाराचा. खळग्याच्या भिंतीवर अ‍ॅस्पार्टिक आम्लाचा एक ऋण भाराचा हात पुढे आलेला असतो. दोघं एकमेकांना धरतात. सगळ्या गोष्टी इथून सुरू होतात. सस्तन प्राण्यांत सेरोटोनिनचे असे चौदा प्रकारचे रिसेप्टर आहेत, सात कुळांत विभागलेले. त्यांतलं एक कूळ, तिसरं, वेगळ्याच घडणीचं, सरळ आयनांना वाट करून देणारं. मळमळीचा निरोप जातो तो यावरूनच. बाकीच्या तेरांची ठेवण सारखी, आणि तो अ‍ॅस्पार्टिकचा हात तेराही जणांकडे आहे. निसर्गानं एकच रेणू चौदा ठिकाणी वापरला : झोप, भूक, भीती, ताप, उलटी, रक्तवाहिन्या, हृदयाच्या झडपा. आता तुम्ही म्हणता, मला यातल्या एकावरच बसणारं औषध करायचंय.

आम्ही लॅबमध्ये त्यांना नुसतं वन-ए, टू-ए, टू-बी म्हणायचो, जसं वाड्यातल्या बिऱ्हाडांना म्हणावं. माझं लक्ष्य वन-ए. पिपरेझिनचं सहा अणूंचं कडं, एका अंगाला मिथॉक्सी लावलेलं बेंझिन, दुसऱ्या अंगाला लांब शेपटी : या घडणीचे रेणू वन-ए वर बसतात हे जुनंच ज्ञान. शेपटीत काय बदललं की ते शेजारच्या घरात शिरायचं थांबतील, हा माझा प्रश्न. रिसेप्टरची खरी रचना तेव्हा कुणाकडे नव्हती. आम्ही अ‍ॅड्रेनलिनच्या कुळातल्या, रचना ठाऊक असलेल्या रिसेप्टरवरून याचा चेहरा कल्पून संगणकावर उभा केला होता, जसं चुलत भावाला पाहून न पाहिलेल्या भावाचा अंदाज बांधावा. २०१३ मध्ये वन-बी आणि टू-बी यांच्या स्फटिकांवरून काढलेल्या खऱ्या रचना प्रसिद्ध झाल्या. त्या दिवशी आम्ही सगळे एका संगणकाभोवती गर्दी करून उभे होतो. अ‍ॅस्पार्टिकचा हात जिथे कल्पला होता तिथेच होता, पण खळग्याचा वरचा भाग आमच्या अंदाजाहून निराळा. सहा महिन्यांचे आकडे बाजूला ठेवावे लागले, आणि तरीही मला त्या दिवसासारखा आनंद पुन्हा क्वचितच झाला.

या विषयात शिरणाऱ्या प्रत्येकानं टू-बी ची गोष्ट आधी ऐकावी असं मला वाटतं. फेनफ्लुरामिन नावाचं भूक मारणारं औषध होतं. अमेरिकेत ते दुसऱ्या एका औषधाबरोबर वजन उतरवायला लाखो लोक घेऊ लागले. १९९७ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २४ बायकांची नोंद प्रसिद्ध केली : सगळ्यांच्या हृदयाच्या झडपा जाड होऊन गळू लागलेल्या. (नागपूरकरांसाठी सांगते, ही मेयो आपली सेंट्रल अव्हेन्यूवरची नव्हे.) त्याच वर्षी औषध बाजारातून काढलं गेलं. कारण पुढे उलगडलं. यकृतात फेनफ्लुरामिनचं रूपांतर होऊन जो रेणू तयार होतो तो टू-बी वर घट्ट बसतो, आणि टू-बी असतो हृदयाच्या झडपेवर. तिथल्या पेशींना तो वाढत राहा असा निरोप देत राहिला. कुणी वाईट हेतूनं काही केलं नव्हतं. चौदा दारांपैकी एक दार कुणी तपासलं नव्हतं. तेव्हापासून सेरोटोनिनच्या वाटेला जाणारा प्रत्येक नवा रेणू टू-बी वर तपासायचा हा दंडक झाला. माझ्या वहीत प्रत्येक रेणूपुढे एक रकाना होता, त्याला मी लाल शाईनं 'झडप' असं नाव दिलं होतं.

पण तेच फेनफ्लुरामिन २०२० मध्ये अमेरिकेत परत आलं. ड्रॅव्हे सिंड्रोम म्हणजे तान्ह्या वयात सुरू होणारी, कुठल्याच औषधाला न जुमानणारी अपस्माराच्या झटक्यांची व्याधी. त्या मुलांचे झटके या औषधानं कमी होतात. मात्रा कमी, आणि ठरावीक महिन्यांनी हृदयाची सोनोग्राफी सक्तीची. रेणू तोच. बदललं ते एवढंच की तो कुठे कुठे बसतो हे आता माहीत आहे.

आपल्याकडचं उदाहरण याहून जुनं आहे. सर्पगंधेची मुळी बिहार-बंगालकडे वेडावरचं औषध म्हणून पिढ्यान् पिढ्या देत आले. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यावर लिहिलं, आणि १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचे आपले अनुभव ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केले. जगाचं लक्ष त्यानंतर वळलं. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं झालं. ते मेंदूतल्या सेरोटोनिनचे साठे रिकामे करतं हे १९५५ मध्ये दिसलं, आणि रेसर्पिन घेणारे काही रुग्ण उदास होतात हेही. त्याच्या उलट, क्षयरोगावरच्या इप्रोनियाझिडनं रुग्ण उल्हसित होत होते. या दोन निरीक्षणांमधून 'मेंदूत ही रसायनं कमी पडली की नैराश्य येतं' ही कल्पना उभी राहिली आणि कानोकानी होता होता अगदी साधी, गोड होऊन बसली. मीही मोठ्या आईला पहिल्यांदा तसंच सांगितलं होतं, की शरीरात लोह कमी होतं ना तसं हे. आता सांगणार नाही. नुसतं कमी असणं हे कारण म्हणून सिद्ध झालेलं नाही. गोळीनं सेरोटोनिन काही तासांत वाढतं, मग मन उजळायला महिना का लागावा? त्यातला एक धागा माझ्याच वन-ए कडे जातो. सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशी स्वतःच्या अंगावरही वन-ए बाळगतात. भोवती सेरोटोनिन वाढलं की तो पेशीला म्हणतो, पुरे, आता सोडू नकोस. तो लगाम सैल पडायला आठवडे जातात, असा एक समज आहे. मला तो पटतो, पण सगळं उत्तर त्यात आहे असं मी म्हणणार नाही.

सेरोटोनिनच्या या रिसेप्टरांनी माणसांना बरंच दिलं आहे. अर्धशिशीवर १९९१ मध्ये आलेलं सुमाट्रिप्टान वन-बी आणि वन-डी वर बसतं. केमोथेरपीआधी देतात ती ऑन्डॅन्सेट्रॉन मळमळीच्या तिसऱ्या कुळाचं दार लावते. ती येण्याआधी कर्करोगाची कितीतरी माणसं रोगापेक्षा उलट्यांना भिऊन उपचार सोडायची. मला सगळ्यांत देखणं वाटतं ते पिमाव्हॅन्सेरिन. पार्किन्सनच्या रुग्णांना नसलेली माणसं दिसू लागतात, भास होतात. भासांवरची बहुतेक औषधं डोपामिन अडवतात, आणि पार्किन्सनमध्ये डोपामिन आधीच आटलेलं असतं; भास थांबवावेत तर माणूस लाकडासारखा ताठतो. पिमाव्हॅन्सेरिन डोपामिनच्या वाटेला जातच नाही, ते टू-ए ला शांत करतं. २०१६ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. कुठे जायचं नाही हे त्या रेणूला इतकं नेमकं शिकवलेलं आहे की मी त्याची रचना कधीकधी नुसतीच पाहत बसते.

आमच्याकडे टू-ए ची परीक्षा उंदरावर व्हायची. उंदराला ५-एचटीपी टोचलं की मेंदूत त्याचं सेरोटोनिन होतं आणि थोड्या वेळानं तो डोकं झटकू लागतो. पारदर्शक पेटीत एक उंदीर, समोर मी, हातात स्टॉपवॉच. तो मिशा साफ करतो, कोपऱ्यात जातो, थांबतो, आणि एकदम डोकं असं काही थरथरतं की कान दिसेनासे होतात. पापणी लवली तर ते निसटतं. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. माझा रेणू दिलेल्या उंदरांत या रेघा किती कमी झाल्या यावर माझं सगळं भवितव्य होतं. प्रत्येक उंदरासाठी प्राण्यांच्या नीतिसमितीची परवानगी, प्रत्येकाचा हिशेब. जीव आहे तो. मी एकही रेघ कधी अंदाजानं ओढली नाही.

गादीवर बसले होते त्या सकाळी माझ्या डोक्यात आलं ते हे, की त्या वहीत मळमळीचा रकानाच नाही. असूही शकत नव्हता. उंदराला ओकता येत नाही. उंदीर, घुशी, एकूण कुरतडणाऱ्या जातींना उलटीची क्रियाच नाही. उलटीवरची औषधं तपासायची तर मुंगसासारखं दिसणारं फेरेट लागतं, किंवा चिचुंद्री. मोठ्या आईला जे नको झालं, ज्यासाठी तिनं पत्ता गादीखाली सारला, ते माझ्या प्राण्यांना दाखवताच येत नव्हतं. ते फक्त माणूस सांगू शकतो, तेही कुणी विचारलं तर.

मी परत त्याच धंतोलीच्या दवाखान्यात तिच्याबरोबर गेले. या वेळी तीच बोलली, मी तिला बोलू दिलं. डॉक्टरांनी ऐकलं, अर्धी गोळी, पहिला आठवडा, जेवणानंतर, असं लिहून दिलं. मी दोन आठवड्यांची सुट्टी काढली आणि टाकळीला जाऊन राहिले. तिला सांगितलं, उमासे येतील, पण ते जाणार आहेत, आणि किती येतात ते आपण लिहू. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, त्या त्या तारखेच्या चौकोनात, मी रेघा ओढायला लागले. चार उभ्या, पाचवी आडवी. पहिल्या दिवशी सहा. तिसऱ्या दिवशी नऊ, त्या दिवशी ती माझ्यावर चिडली. मग पाच. मग दोन. पूर्ण गोळी सुरू झाली तेव्हा पुन्हा चार. अकराव्या दिवशी चौकोन रिकामा राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वतः कॅलेंडरजवळ जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "कालचं लिहायचं राहिलं काय गं?"

पुढच्या वर्षी व्हॉर्टिऑक्सेटिन आलं. परत ओढणं थांबवायचं, वन-ए ला चालना द्यायची आणि तिसऱ्या कुळाचं, मळमळीचं, दार लावायचं, असं सगळं एकाच रेणूत. कागदावर पाहिलं तर मोठ्या आईसाठीच कुणी बसून घडवलं असावं. प्रत्यक्षात त्याचाही सगळ्यांत जास्त आढळणारा त्रास मळमळ हाच निघाला. आम्ही लॅबमध्ये त्यावर दोन दिवस वाद घातला. आकडे खोटे नव्हते, रचना खोटी नव्हती. शरीर आपल्या चौदा रकान्यांपेक्षा मोठं आहे. माझ्या वहीत मी त्यानंतर प्रत्येक रेणूच्या पानावर खाली चार ओळी कोऱ्या सोडू लागले, आणि आता माझ्याकडे शिकणाऱ्या मुलींनाही सोडायला लावते.

माझा तो रेणू औषध झाला नाही. वन-ए वर बसला, टू-बी वर बसला नाही, आणि यकृतात इतक्या लवकर तुटला की मेंदूपर्यंत पोचायला काही उरेना. प्रबंधाची दोन प्रकरणं झाली. मोठी आई सहाव्या-सातव्या आठवड्यापासून पहाटे पाचपर्यंत झोपू लागली. दिवाळीच्या आधी एकदा फोन आला, डाळ भिजत घातली आहे, येताना गांधीबागेतून चांगला हिंग आण. गोळी तिनं डॉक्टरांना विचारूनच, पुढच्या उन्हाळ्यात, हळूहळू कमी करत थांबवली. मधल्या काळात ती शेजारच्या काकूंना सांगू लागली होती, की मी डोक्याची गोळी घेते, बीपीची घेतेत तशी.

त्या दोन आठवड्यांतली एक रात्र मात्र मला जशीच्या तशी आठवते. बाहेर पाऊस, लाइट गेलेले, आम्ही दोघी स्वयंपाकघरात मेणबत्ती लावून बसलेलो. तिनं मेतकूट-भाताचे चार घास खाल्ले होते आणि ते पोटात राहिले होते. ती म्हणाली, "तुह्या त्या उंदरायलेबी असेच उमासे येतेत काय?"

मी म्हटलं, "नाही गं. त्यांना ओकताच येत नाही."

"मंग तुमाले कसं समजते, गोळी कोणाले सोसते का नाही?"

मी गप्प बसले. मग सांगितलं, की चिचुंद्रीला मात्र उलटी होते, म्हणून लांब तिकडे जपानात लोकांनी चिचुंद्रीवर अभ्यास केलेत. तिला ते खरं वाटेना. चिचुंद्री म्हणजे वास मारणारी, पावसाळ्यात मोरीतून घरात शिरणारी. तिच्यावर कोण कशाला अभ्यास करेल?

थोड्या वेळानं सिलिंडरमागून ती बारीक चिकचिक ऐकू आली. भिंतीच्या कडेनं एक काळी सावली सरकत मोरीकडे निघाली. मोठ्या आईचा हात सवयीनं केरसुणीकडे गेला. तिनं ती उचललीही. मग तशीच मांडीवर ठेवली, आणि सावली मोरीच्या जाळीतून बाहेर जाईपर्यंत पाहत राहिली.

"जाऊ दे," ती म्हणाली. "तिलेबी येतेत म्हणते ना तू."